सहन, सावली आणि शिक्षण : बीदर ते कानपूर – विद्यावास्तूंच्या रचनेचा एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

शिक्षणाच्या इतिहासावर आपल्याकडे पुष्कळ लेखन झाले आहे. संस्थांचे संस्थापक, अभ्यासक्रम, शिक्षणाचे माध्यम, अनुदानाचे नियम, विद्यार्थिसंख्येतील वाढ या सर्वांचा अभ्यास झाला आहे आणि होत आहे. परंतु ज्या वास्तूत हे शिक्षण दिले गेले ती वास्तू कोणी, कशी आणि कोणत्या विचाराने उभी केली, हा प्रश्न बहुधा बांधकाम समितीच्या इतिवृत्तातच राहून जातो. इमारत म्हणजे ठेकेदाराचे काम, आणि शिक्षकाचा संबंध वर्गात पाऊल टाकल्यानंतर सुरू होतो, अशी आपली समजूत झालेली आहे. ही समजूत इतिहासाला धरून नाही, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते मलाजखंड येथे. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचे हे गाव तांब्याच्या खाणीमुळे प्रसिद्धीस आले. हिंदुस्तान कॉपर लिमिटेडचा येथील प्रकल्प १९८२ मध्ये सुरू झाला आणि मैकल डोंगररांगेच्या जंगलभागात एक नवी वसाहत वसली. नागपूर १९५६ पर्यंत ज्या प्रांताची राजधानी होते त्याच प्रांतातला हा जिल्हा असल्यामुळे आणि गोंदिया शेजारी असल्यामुळे मराठी येथे परकी नाही. हिंदी, मराठी, उर्दू, गोंडी असे निरनिराळे बोल असलेल्या घरांतील मुले येथे एका बाकावर बसतात.

तेथील एका शाळेत मी काही काळ जात-येत असे. शाळेच्या दोन इमारती होत्या. जुनी इमारत म्हणजे एका रांगेतील खोल्या, पुढे रुंद व्हरांडा, खोल्यांना समोरासमोर खिडक्या आणि वर हवादाने. नवी इमारत दुमजली होती. मध्ये लांब बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना वर्ग. मे महिन्याच्या प्रारंभी परीक्षेचे काम करताना जुन्या इमारतीत पंखा बंद पडला तरी बसता येई; नव्या इमारतीत मात्र भर दुपारी दिवे लावावे लागत आणि वीज गेली की मुले व्हरांड्याकडे धाव घेत. पावसाळ्यात तर उलटेच आश्चर्य. नव्या इमारतीच्या खिडक्यांना छज्जे नसल्याने पाऊस आला की खिडक्या लावून घ्याव्या लागत आणि वर्गात अंधार होई. अधिक पैसे खर्च करून बांधलेली इमारत कमी सोयीची कशी, हा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला.

महमूद गावानचा मदरसा

या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम बीदरकडे वळावे लागते. कर्नाटकातील हा जिल्हा मराठीभाषक सीमाभागात मोडतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे आजच्या लातूर जिल्ह्यातील तालुकेही बीदर जिल्ह्यातच होते. येथे बहमनी सल्तनतीचा वजीर ख्वाजा महमूद गावान याने १४७२ मध्ये एक मदरसा बांधला. गावान मूळचा इराणातील गीलान प्रांताचा, व्यापाराच्या निमित्ताने दख्खनमध्ये आलेला. खुरासान व समरकंदकडील मदरशांची रचना त्याच्या परिचयाची होती, आणि दर्शनी भागावरील रंगीत चकाकत्या फरशांच्या कामातून तो परिचय आजही दिसतो.

हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बीदरविषयक ग्रंथात या वास्तूचे तपशीलवार वर्णन केले आहे. सुमारे २०५ फूट लांब व १८० फूट रुंद अशी ही तीन मजली इमारत मध्यवर्ती सहनाभोवती, म्हणजे मोठ्या अंगणाभोवती, बांधलेली आहे. पूर्वेकडे प्रवेशद्वार आणि त्याच्या दोन्ही टोकांना मिनार होते. त्यांपैकी एक आज उभा आहे. उत्तर, दक्षिण आणि पश्चिम या तीन बाजूंच्या मध्यभागी व्याख्यानाची उंच दालने होती व कोपऱ्यांकडील भागांत विद्यार्थ्यांच्या आणि मुदर्रिसांच्या राहण्याच्या खोल्या. मशीद आणि कुतुबखानाही याच वास्तूत होता.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते या रचनेचे कार्य. सहन ही रिकामी सोडलेली जागा नव्हती. खोल्यांना बाहेरच्या भिंतीतून उजेड मिळे, आणि सहनाच्या बाजूनेही मिळे. दोन्ही बाजूंनी वाट असल्यामुळे वारा खोलीतून आरपार जाई. दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरी सहनाची एक तरी बाजू सावलीत असे. रात्री उघड्या आकाशाखाली सहनातील फरशी व हवा लवकर निवे आणि ती थंड हवा सकाळी उशिरापर्यंत आतल्या खोल्यांना मिळे. जाड भिंती दुपारची उष्णता लगेच आत येऊ देत नसत. याखेरीज आणखी एक गोष्ट सहनामुळे घडे. राहणारा, शिकणारा, शिकविणारा, नमाजाला येणारा आणि ग्रंथ पाहायला येणारा, या सर्वांची वाट एकाच अंगणावरून जात असल्याने त्यांची गाठ पडत असे. उजेड, हवा आणि सहवास या तीन गरजा एकाच योजनेने भागविल्या गेल्या होत्या.

गावानला १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे देहदंड झाला. पुढे मोगल काळात या वास्तूचा उपयोग लष्करासाठी होऊ लागला, दारूगोळा तेथे साठविला गेला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या स्फोटात दर्शनी भागाचा व एका मिनाराचा मोठा अंश नष्ट झाला.

मुंबई आणि हैदराबाद : बदललेली प्रयोजने

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळेची कल्पनाच बदलली. घंटेवर चालणारे तास, इयत्तावार वर्ग, फळ्याकडे तोंड करून बसलेली मुले आणि परीक्षा यांसाठी एकसारख्या आकाराच्या अनेक खोल्या हव्या होत्या. १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या अंजुमन-ए-इस्लामच्या मुंबईतील वास्तूत हा बदल पाहावयास मिळतो. बोरीबंदर स्थानकासमोरील ही इमारत १८९० च्या दशकाच्या प्रारंभी उभी राहिली. घुमट, कमानी आणि सज्जे यांनी नटलेला तिचा दर्शनी भाग शहराच्या मध्यवर्ती रस्त्यावर समाजाच्या शैक्षणिक आकांक्षेची ग्वाही देणारा होता. समुद्रकाठच्या दमट हवेत उंच छत, मोठ्या खिडक्या आणि सज्जे यांचा उपयोगही होताच.

उस्मानिया विद्यापीठाची कथा याहून वेगळी आहे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या उर्दू माध्यमाच्या विद्यापीठाशी मराठवाड्याचा निकटचा संबंध होता. १९२३ मध्ये तत्कालीन औरंगाबाद येथे सुरू झालेले इंटरमिजिएट महाविद्यालय त्याच व्यवस्थेचा भाग होते. विद्यापीठाच्या इमारती बांधण्यापूर्वी नवाब झैन यार जंग आणि सय्यद अली रझा या दोन स्थापत्यज्ञांना देशोदेशींची विद्यापीठे पाहण्यासाठी पाठविण्यात आले होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बेल्जियन वास्तुविशारद अर्नेस्ट जॅस्पर यांनी आराखडा केलेल्या आर्ट्‌स कॉलेजच्या इमारतीचे उद्‌घाटन १९३९ मध्ये झाले. इमारत भव्य आहे व दगडी असल्यामुळे उन्हाळ्यात आत गारवा राहतो. मात्र या काळातील अनेक वास्तूंत दर्शनी रूपाचा विचार आधी आणि वर्गाचा विचार नंतर, असा क्रम पडू लागला होता.

इम्पिंग्टनचे सामुदायिक महाविद्यालय

याच वर्षी, १९३९ मध्ये, इंग्लंडमधील केंब्रिजशायर परगण्यात इम्पिंग्टन येथे एक लहानसे विद्यालय सुरू झाले. त्या परगण्याचे शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांनी १९२४ मध्ये ‘व्हिलेज कॉलेज’ची कल्पना मांडली होती. दिवसा मुलांची शाळा आणि सायंकाळी त्याच वास्तूत प्रौढांचे वर्ग, वाचनालय, सभा व करमणूक असे तिचे स्वरूप होते. खेड्यातील माणसाचा शिक्षणाशी असलेला संबंध शाळा सोडल्यावर तुटू नये, हा त्यामागचा हेतू होता. आज आपण ज्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतो त्या विचाराशी या कल्पनेचे जवळचे नाते आहे.

इम्पिंग्टनचा आराखडा वॉल्टर ग्रोपियस आणि मॅक्सवेल फ्राय यांनी केला. ग्रोपियस हे जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेचे संस्थापक. त्यांनी वर्गांची एकमजली रांग केली, उजेड दोन्ही बाजूंनी घेतला आणि वर्गाला बाहेरच्या हिरवळीशी जोडले. प्रौढांच्या खोल्या वेगळ्या बाजूला ठेवल्या, आणि दोन्हींच्या मध्ये सर्वांना वावरता येईल असे प्रशस्त दालन योजले. इंग्लंडमध्ये ऊन हवेसे असते, म्हणून तेथे काचा मोठ्या. आपल्याकडे नेमकी ही काचच उचलली गेली आणि तिच्यामागचा विचार मागे राहिला.

अच्युत कानविंदे आणि कानपूर

ग्रोपियस १९३७ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत एक मराठी तरुण होता. अच्युत कानविंदे यांचा जन्म १९१६ मध्ये कोकणातील आचरे येथे झाला. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतल्यावर सरकारी योजनेतून ते हार्वर्डला गेले, आणि परतल्यावर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेसाठी प्रयोगशाळांच्या इमारतींचे काम त्यांनी पाहिले. १९५५ मध्ये शौकत राय यांच्यासह त्यांनी स्वतःची संस्था काढली.

१९५९ मध्ये कानपूर येथे भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर हेही मराठी. प्रारंभी संस्था दुसऱ्या एका तंत्रसंस्थेच्या जागेत भरत असे. शहराबाहेर कल्याणपूरकडे सुमारे १,००० एकर जमीन मिळाल्यावर परिसराचा आराखडा कानविंदे यांच्याकडे आला. इतकी जमीन मिळाली की प्रत्येक विभागाला स्वतंत्र बंगला आणि पुढे बाग देण्याचा मोह होतो. कानविंदे यांनी उलट केले. ग्रंथालय, व्याख्यानगृहे, प्रयोगशाळा आणि प्राध्यापकांची इमारत त्यांनी जवळजवळ आणली व त्यांना पायी चालण्याच्या मार्गिकांनी जोडले. या मार्गिका दोन पातळ्यांवर आहेत. वरून एका इमारतीतून दुसरीत जाता येते आणि वरच्या मार्गिकेची सावली खालून चालणाऱ्याला मिळते. मोटारी या गाभ्याच्या बाहेर ठेवल्या.

या निर्णयामागे हवामान होते. कानपूरला उन्हाळ्यात लू वाहते, पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यानंतर पावसाळा आणि मग कडक थंडी. दूरदूर पसरलेल्या इमारतींत दर तासाला उन्हातून जावे लागले असते. जवळ आणलेल्या इमारती एकमेकींवर सावली धरतात आणि त्यांच्यामधील चौकांत झाडे लावता येतात. सांगाडा उघड्या काँक्रीटचा व भिंती विटांच्या ठेवल्याने गिलावा व रंग यांचा वारंवारचा खर्च टळला. ग्रंथालयासमोर पाण्याचे कुंड आहे.

परंतु केवळ ऊन टाळण्यासाठी ही योजना नव्हती. अनेक विभागांच्या अध्यापकांच्या खोल्या एका फॅकल्टी बिल्डिंगमध्ये ठेवल्यामुळे गणिताचा अध्यापक रसायनशास्त्राच्या अध्यापकाला रोज भेटू लागला. विद्यार्थ्याला एका तासाहून दुसऱ्या तासाला जाताना ग्रंथालय वाटेवर लागू लागले. विभागाविभागांतील भिंती कमी असाव्यात या शैक्षणिक धोरणाला नकाशानेच हातभार लावला. बीदरच्या सहनाने जे केले तेच येथे मार्गिका आणि चौक करीत होते. कानविंदे यांनी बीदर डोळ्यांपुढे ठेवले होते असे माझे म्हणणे नाही. गरज तीच असली की उत्तरेही एकमेकांच्या जवळ येतात, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

कानविंदे यांनी हा अनुभव एच. जेम्स मिलर यांच्यासह लिहिलेल्या ‘कॅम्पस डिझाइन इन इंडिया’ या १९६९ च्या ग्रंथात मांडला. पुण्याच्या राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेचा परिसरही त्यांचाच. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या पद्धतीत उणिवा नव्हत्या असे नाही. उघडे काँक्रीट आपल्या पावसात काळे पडते, नीट देखभाल न झाल्यास आतील सळया गंजतात. उत्तम योजना चांगल्या देखभालीवाचून टिकत नाही, हा धडाही त्यातून घ्यावयाचा आहे.

पुण्यातील दोन उदाहरणे

पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने खगोलविज्ञान व खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठ केंद्र, म्हणजे ‘आयुका’, स्थापन झाले. त्याचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया. येथेही इमारतींच्या मध्यभागी पायऱ्यापायऱ्यांचे मोकळे कुंड आहे आणि स्थानिक काळ्या दगडाच्या भिंती आहेत. देशभरातील विद्यापीठांच्या अध्यापकांनी येथे यावे, राहावे आणि एकमेकांशी बोलावे हा केंद्राचा मूळ उद्देश. त्यामुळे भेटीची जागा हाच वास्तूचा गाभा झाला.

दुसरे उदाहरण पुण्याजवळील लवळे येथील अवसरा अकादमी या मुलींच्या निवासी शाळेचे. येथे बाहेरची हवा जमिनीखालील नळांतून आणली जाते. जमिनीच्या पोटातील तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, म्हणून ती हवा निवून वर्गात येते. आणि छतावरील धुरांडी उन्हाने तापली की आतली गरम हवा वर खेचून घेतात. इराणातील बादगीर, म्हणजे वारा पकडणारे मनोरे, याच जातीच्या युक्तीवर चालत आले आहेत. यंत्राने थंड केलेल्या खोल्यांवाचूनही आधुनिक शाळा बांधता येते, याचा हा पुरावा आहे.

आपल्या संस्थांपुढील प्रश्न

हा इतिहास सांगण्याचे कारण आजचे आहे. मी ज्या महाविद्यालयांत काम केले त्यांपैकी एकात मधला चौक होता. नव्या तुकड्यांना मान्यता मिळाली, खोल्या कमी पडू लागल्या, आणि चौकावर पत्रे टाकून त्याचे चार वर्ग करण्यात आले. निर्णयाच्या बैठकीत मी उपस्थित होतो व माझीही त्याला संमती होती. चार वर्ग मिळाले. पण चौकाकडे उघडणाऱ्या आठ खोल्यांचा उजेड व वारा गेला. महाराष्ट्रात २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमन तीव्र होते, तेव्हा त्या खोल्यांत तास घेणे अशक्य होई. याहून मोठे नुकसान आमच्या लक्षात उशिरा आले. ज्या मुलींना घरून महाविद्यालयाबाहेर कोठे थांबण्याची मुभा नव्हती त्यांची बसण्याची जागा तो चौकच होता. तास संपला की त्या आता सरळ घरी जाऊ लागल्या. ग्रंथालयातील त्यांची उपस्थितीही रोडावली. हिशेबाच्या वहीत चार खोल्या जमा झाल्या, खर्चाची बाजू कोणी लिहिली नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेच्या इमारतीसाठी काही किमान अटी घातल्या आहेत : सर्व ऋतूंत उपयोगी पडणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, अडथळ्यावाचून प्रवेश आणि खेळाचे मैदान. या अटी आवश्यकच आहेत. परंतु वर्ग असला म्हणजे त्यात वाचता येईलच असे नाही. म्हणून नकाशा संमत होण्यापूर्वी अध्यापकांनी पुढील गोष्टी विचाराव्यात असे सुचवावेसे वाटते.

१. वर्गांच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण आहेत काय? सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन पूर्व-पश्चिमेकडून खोलवर आत येते व ते अडविणे कठीण असते. दक्षिणेचे ऊन छज्जाने किंवा व्हरांड्याने अडविता येते. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो.

२. प्रत्येक खोलीला समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या आहेत काय? बोळाच्या दोन्ही अंगांना वर्ग केल्यास जागा वाचते, पण वाऱ्याची दुसरी वाट बंद होते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावीकडून उजेड मिळाला तर वहीवर हाताची सावली पडत नाही.

३. वरच्या मजल्याच्या स्लॅबचा विचार झाला आहे काय? उन्हाळ्यात सर्वांत अधिक उष्णता छतातून येते. गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी किंवा निदान दरवर्षी चुना, हा स्वस्त उपाय आहे.

४. पाऊस पडत असता खिडकी उघडी ठेवता येईल काय?

५. तास नसताना विद्यार्थी, विशेषतः विद्यार्थिनी, कोठे बसतील? सायंकाळी प्रौढांचे वर्ग किंवा पालकांची सभा भरविता येईल अशी जागा प्रवेशद्वाराजवळ आहे काय?

यांपैकी एकाही प्रश्नासाठी स्थापत्यशास्त्राची पदवी लागत नाही. ज्याने मे महिन्यात त्या खोलीत उभे राहून शिकविले आहे त्याला उत्तरे ठाऊक असतात. अडचण एवढीच की बांधकाम समिती त्याला विचारीत नाही आणि तोही आपण होऊन सांगत नाही.

समारोप

बीदरच्या वजिराने मदरसा बांधताना, मॉरिस यांनी खेड्यातील विद्यालयाचा विचार करताना आणि कानविंदे-केळकर यांनी कानपूरचा नकाशा पाहताना एक गोष्ट समान मानली होती : शिक्षण कसे व्हावे हे ठरविल्यावर इमारत ठरते. साधने प्रत्येकाची निराळी होती. कोठे दगड व चुना, कोठे वीट, कोठे काँक्रीट. मलाजखंडच्या त्या जुन्या इमारतीत यांपैकी कोणतीही भव्यता नव्हती. पण कोणी तरी तिचा आराखडा करताना सूर्य कोठे उगवतो आणि पाऊस कोठून येतो हे पाहिले होते.

आपल्या संस्थांत येत्या काळात अनेक इमारती उभ्या राहणार आहेत, काही पाडल्या जाणार आहेत आणि अनेक ठिकाणी मधल्या मोकळ्या जागेवर नजर ठेवली जाणार आहे. देणगीदाराचा पैसा घामाचा असतो व इमारत पन्नास-साठ वर्षे उभी राहते. तेव्हा नकाशा टेबलावर असतानाच अध्यापकाने तेथे बसावे, आणि अंगण बुजविण्याचा ठराव आला तर निदान एकदा विचारावे की त्या जागेत आज कोण बसते. मी ते विचारले नव्हते.